यंत्राचे सत्तर, माझे तीस

सकाळी नऊला कैरित पट्टे आवळते,
कमरेला एक, मांडीला दोन, पोटरीला एक,
आणि विचारते, घट्ट झालं का, साल्मे?
उजव्या पायाला विचार, मी म्हणते, मला कळत नाही.
डाव्याला कळतं. डावा चुगलखोर आहे.

मग मोटार हलकेच घुमते
आणि माझा गुडघा
मला न विचारता उठतो.

पहिल्या आठवड्यात फार राग यायचा.
चाळीस वर्षं टपाल वाटलं मी या हाप्सालूत,
उन्हाळ्यात सायकलवर, बर्फात पायी,
कुत्री ओळखीची, फाटकांच्या कड्या पाठ,
आणि आता हे मला शिकवणार,
आधी टाच, मग चवडा?

पडद्यावर आकडे:
यंत्राचे सत्तर, माझे तीस.
तीस म्हणजे किती गं? मी विचारलं.
रिकामी बादली उचलण्याइतकं, कैरित म्हणाली.
मी रात्रभर त्या बादलीचा विचार केला.

लहानपणी खाडी गोठली की
आम्ही पलीकडच्या बेटावर चालत जायचो.
वडील पुढे, हातात लोखंडी टोकाची काठी.
ठोकायचे, ऐकायचे, मगच पाऊल.
पोकळ वाजलं की मागे फिरायचं,
वाद नाही.
यंत्रही तसंच,
पाऊल टाकण्याआधी क्षणभर कान देतं:
आत काही हलतंय का,
एखादा स्नायू, एखादा हट्ट.
बहुतेकदा काहीच नसतं.
मग ते एकटंच उचलतं.

आमच्या भाषेत तो, ती असा भेद नाही.
एकाच शब्दात नवरा मावतो, मुलगी मावते,
आणि कैरितच्या तोंडी हे यंत्रसुद्धा.
परवा ती फोनवर कुणाला तरी म्हणाली,
आज दमणूक दिसते, पण ऐकणं सुधारलंय.
पायाबद्दल म्हणाली, यंत्राबद्दल की माझ्याबद्दल,
मी विचारलं नाही.

मार्चमध्ये पंचावन्न–पंचेचाळीस.
एप्रिलात ताप आला, यंत्र परत अडुसष्टवर.
मुलगी टार्टूहून येते,
आधी आकडा बघते, मग मला.

माझ्यानंतर अकराला लेम्बित येतो,
ट्रॅक्टरखाली सापडलेला.
त्याच पट्ट्यांवर त्याची खूण लाल पेनाने,
माझी निळ्या.
दोन भोकांचं अंतर आहे आमच्यात.
तो यंत्राला शिव्या देतो, मी दिल्या त्याच.
संध्याकाळी ते भिंतीला टेकून चार्ज होतं,
रिकामे पाय,
गुडघ्यात जरासे वाकलेले,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

काल फिरतं यंत्र लावून
जुन्या स्टेशनवर नेलं मला.
गाडी बंद होऊन वर्षं झाली,
फलाट मात्र तसाच, लांबच लांब, लाकडी छताखाली.
टपालाच्या थैल्या इथेच उतरायच्या,
ओल्या कागदाचा वास मला अजून आठवतो.
एकशे चाळीस पावलांवर बॅटरी कुरकुरली.
कैरितने चाकाची खुर्ची पुढे सरकवली.
थांब, म्हटलं.

तेवढ्यात उजव्या पायात, फार खाली,
कुणीतरी
फाटकाची कडी वाजवली.
एकदाच.

यंत्राने ऐकली की नाही, ठाऊक नाही.
आकडा तर हलला नाही.
मी ऐकली.
मग बसले.