अक्षरी

मुन्शीनं तारीख लिहून दिली होती
तर्रीपोह्याच्या कागदाच्या कोरड्या कोपऱ्यावर,
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाच्या फाटकाशी, उभ्या उभ्या.
मी वाचली एकोणीस.
एकोणीसला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो
तर पट्टेवाला म्हणाला, तुहा पुकारा त अकरालेच झाला बाप्पा,
तीनदा झाला.
पुंजाराम हेडाऊ, पुंजाराम हेडाऊ, पुंजाराम हेडाऊ.
माझं नाव व्हरांड्यात एकटंच फिरलं
आणि आत जाऊन वॉरंट होऊन बसलं.

तेव्हाच आत गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं.
पण पाय फाटकाकडे वळले.

मग सहा वर्षं.
गोळीबार चौकात नाकाबंदी दिसली की पाचपावलीच्या गल्ल्या,
निवडणूक लागली की कन्हानला साळ्याकडे.
पालकसभेला बायको एकटीच जायची.
बाई विचारायच्या, बाबा बाहेरगावी असतात का?
पोरगी सांगायची, नाही, घरीच असतात.

चोरी काय, तर कूलरची मोटर.
खरं सांगतो, नेलीच होती.
दोन महिन्यांचे पैसे जैस्वालशेठनं दिले नव्हते,
वाळ्याच्या ताट्या ठोकून ठोकून बोटं सोललेली,
आणि मोटर समोर होती, तांब्याच्या वाइंडिंगची.
मला वाटलं, हा हिशेब आहे.
फौजदारानं त्याला दुसरा शब्द लिहिला.

यंदा मिहानकडे लिफ्टच्या कंपनीत काम मिळत होतं,
पीएफसकट.
फॉर्मात एक चौकट: आपल्याविरुद्ध गुन्हा प्रलंबित आहे काय?
पेन तिथं थांबलं ते थांबलंच.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
धरून नेलेला माणूस वेगळा दिसतो, चालत आलेला वेगळा.
चालत जाऊ.
मी म्हटलं, आणि आत टाकलं तर?
त्या म्हणाल्या, डबा सोबत घे.

साहेबांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता?
मी कागद काढला, आधार कार्डाच्या मागे जपलेला.
तेल आता सगळीकडे पसरलं होतं,
कोरडा कोपरा उरलाच नव्हता.
शिरस्तेदारानं उजेडात धरला. म्हणाला, अकरा.
सरकारी वकील वाकले. म्हणाले, एकोणीसच दिसतं हो.
एकाला जरा जास्तीचा वळसा दिला की नऊ होतो,
मुन्शीचा हात त्या दिवशी किती वळला
हे आता कोण सांगणार.
साहेब म्हणाले, ही फार तर आठ दिवसांची सबब झाली.
सहा वर्षांची कुठाय?
ती माझ्याकडे नव्हती.

वॉरंट रद्द. दंड पाचशे. नवा जामीनदार.
साळा उभा राहिला, ऑटोचं आरसी बुक छातीशी धरून.
डबा संध्याकाळी घरीच खाल्ला,
वांग्याची भाजी आंबली होती जराशी.

लोकअदालतीला जैस्वालशेठ आले पोराच्या खांद्यावर हात ठेवून.
दुकान कधीचंच गेलं, तिथं मोबाइलची कव्हरं विकतात.
कोनती मोटर बे, त्यांनी मलाच विचारलं.
मी सांगितली. अठरा इंची पंख्याची.
अन् तुहे पैसे?
दोन महिन्यांचे, म्हटलं.
ते सहीच्या रकान्याकडे बराच वेळ पाहत राहिले.
मग सही केली.
पैशाचं पुन्हा ते बोलले नाहीत, मीही नाही.

महिन्याभरानं मुद्देमालाच्या खोलीतून मोटर निघाली,
गळ्यात तारेनं बांधलेली चिठ्ठी,
नंबर फिकट, शाफ्टवर कोळ्याचं जाळं.
शेठनं पावतीवर सही ठोकली, फाटकाबाहेर आले
आणि मोटर माझ्या हातात दिली.
ने. मले काय करायची आता?

गंजली होती, पण वजन तेवढंच.
मी ती घेतली नाही, ठेवलीही नाही.
शेठ, लिहून द्या.
ते हसले. मग हसायचे थांबले.
पोराला वाकवलं, त्याच्या पाठीवर कागद टेकवला
आणि लिहू लागले:
मोटर एक, जुनी, राजीखुशीनं दिली.
खाली तारीख टाकायला पेन टेकलं तेवढ्यात मी म्हटलं,
आकडा नका टाकू शेठ,
अक्षरी लिहा.