मागचा उतार

पहिल्या अंगणाचा भाव मी समोरूनच सांगितला,
पिकअपमधून न उतरता: तीस डॉलर.
मिस अर्लीन पिटमन जाळीच्या दाराआडून म्हणाली, "बरं."
घराला वळसा घातला तेव्हा दिसला
मागचा उतार,
थेट ओढ्यापर्यंत गेलेला, जॉर्जियाच्या लाल मातीचा,
हरळी गुडघाभर, आणि आत कुणाचा तरी
हरवलेला बेसबॉल,
जो माझ्याआधी पात्याला सापडला.

साडेतीन तास.
पेट्रोल वजा, ट्रिमरची दोरी वजा, पातं वजा,
हाती उरले अकरा डॉलर चाळीस सेंट.
पण शब्द गेला तो गेला.
पुढची नऊ वर्षं तीसच.

तेव्हापासून भाव सांगण्याआधी मी मागे जातो.
लोक गुलाब समोर लावतात.
मागे फुटका झोपाळा असतो,
कुत्र्याची साखळी असते, कुत्रा नसतो.
एकदा तर एक अख्खा पियानो, पावसात फुगलेला.
त्याच्याभोवतीने कापलं. विचारलं नाही.

गवत वाढतं पावसाने.
धंदा वाढतो दुसऱ्याच्या कंबरदुखीने.
कुणाचा मुलगा अटलांटाला गेला,
कुणाचा नवरा एप्रिलमध्ये वारला
आणि मशीन गॅरेजमध्ये तसंच, टाकीत शिळं पेट्रोल.
मग फोन येतो: गुरुवारी जमेल का?
मी जमेल म्हणतो,
आधी थोडा वेळ ऐकून घेतो,
आणि वहीत एक ओळ वाढते.

नऊ ओळी. एकतीस. चौसष्ट.
दुसरी पिकअप घेतली. तिच्या दारावर रंगाऱ्याने लिहिलं
"टॅटम आणि मुलगे".
मला एकच मुलगी.
लेटिशा म्हणाली, "राहू द्या, पुसायचे वेगळे घेईल तो."
हिशेब आता तीच बघते.
एफ्राइन कडा अशा कापतो
की वाटावं सुताराने ओळंबा लावला.

ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो.
गवत थांबतं, हप्ते थांबत नाहीत.
त्या महिन्यात मी पाती घासतो, घासलेली परत घासतो,
एफ्राइनला पगार देतो, स्वतःला देत नाही.
लेटिशाला हे वहीतून कळतं.

या मार्चमध्ये तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं:
पिटमनबाईंचे साठ करा, नाहीतर सोडा.
आकडे तिच्या बाजूने होते.
मी गेलो, टोपी हातात, वाक्य पाठ करून.
तोंड उघडायच्या आत मिस अर्लीन म्हणाली,
"टॅटम, यंदा मागचं कापू नकोस."
"पैशांचं असेल तर..."
"पैशांचं नाही रे.
ब्याऐंशी वर्षांची झाले.
याला सोडून दिलं तर हे काय करतं,
एकदा बघून घेते."

वहीतली ओळ मी खोडली नाही.
रकान्यात नुसती आडवी रेघ मारत गेलो,
एप्रिल, मे.

जूनमध्ये शेजारचं अंगण उरकून मशीन बंद केलं
आणि मागे गेलो.
ती खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर
नगरपालिकेची नोटीस, तिच्यावर सोललेल्या शेंगांची टरफलं.
खाली ओढ्यापर्यंत सगळा उतार जांभळट,
वारा आला की एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळणारा.
मी वाकलो.
इतकी वर्षं हरळी कापतोय,
तिला तुरा येतो हे ठाऊकच नव्हतं:
काडीच्या टोकाला चार-पाच बारीक बोटं,
वर्गात उत्तर येणाऱ्या पोराने
हात वर करावा तशी.

"समोरचं तेवढं कापून टाक," ती म्हणाली,
"म्हणजे ते लोक गप बसतील. किती होतील?"

मी मागे उभा होतो.
सगळं दिसत होतं.
तरी मला भाव सांगता येईना.