जमेची बाजू

शनिवारी दुकानाच्या दाराशी
पोरांच्या घरासाठी
एलिनेड बादली खुळखुळवते.
आधी स्वतःचंच नाणं टाकते;
रिकाम्या भांड्यात कोणी टाकत नाही, म्हणते.
वही माझ्याकडे.

केक विकून दार आलं,
डोंगर चढून अर्धं छप्पर,
स्लेट मात्र बंद खाणीतली, फुकट.
एकदा बादलीत कोटाचं बटण निघालं.
तेही मांडलंय मी, जमेला.

तोवर स्काउट चर्चच्या मागे,
ड्रमवाल्या पोरी कुणाच्या तरी गॅरेजात,
शेजाऱ्यांची रोज तक्रार.

आज गेथिननं ट्रक थांबवला.
पहिली बादली त्यानंच धरली होती,
दुधाचे दात पडत असताना.
आता दाढी.
"झालं का आमचं घर?"

एलिनेडनं बादली पुढे केली.
"तुमचं राहिलंच रे."

त्यानं नोट टाकली.
आवाज झाला नाही,
म्हणून मग खिशातली चिल्लरही.