चवड्यातला खडा

वाल्पाराइसोत सपाट म्हणावं असं फक्त समुद्राचं पाणी,
तेही वारा पडला तर.
बाकी सगळा चढ, नाहीतर उतार.

एदुविहिस तिथं टपाल वाटते. एकोणीस वर्षं.
तिच्या टेकडीला पायऱ्या किती, विचारलं
तर सांगत नाही.
मोजल्या की वाढतात, म्हणते.

मार्चपासून तिच्या उजव्या बुटात खडा आहे.
दुसऱ्या वळणावर ती बसते,
नाडी सोडते, बूट उलटा करून आपटते,
मोजा झटकते.
पडते ती धूळ.
एकदा शेंगदाण्याचं टरफल.
पिवळ्या घरातला पोरगा खिडकीतून विचारतो,
"सापडला?"
"पळाला," ती म्हणते.

माझ्याकडं आली तेव्हा मी दिवा लावत होतो.
मी जोडे शिवणारा, डॉक्टर नव्हे,
पण झिजलेले तळ वाचता येतात.
तिचा चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत धरून आवळला मात्र,
ती किंचाळली;
चौथ्या बोटाच्या टोकापर्यंत वीज गेली म्हणाली.

बुटात नाही खडा, बाई.
दोन हाडांमधल्या बोळातून एक नस जाते,
तुमच्यासारखीच, निरोप घेऊन.
बोळ रोज आवळला जातो
आणि ती सुजून बसते.

खाकी कागदावर तिचं पाऊल गिरवलं,
वर तिचाच बूट ठेवला.
दोन्हीकडून पाऊल बाहेर डोकावत राहिलं.
ती बराच वेळ बघत होती.
"एवढी रुंद होते मी?"

मग नमद्याची टिकली कापली, बदामाएवढी.
"इथं लावा, इथं दुखतं."
इथं नाही. बोटभर मागं.
मागून जरा उचलून धरलं
की पुढची हाडं आपसूक अंग सैल करतात.
हे बापानं शिकवलं मला, जोड्यांपुरतं.
घरी मी अजून
नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवतो.

रुंद बूट घ्या, बसक्या टाचेचे.
रात्री गार बाटली तळव्याखाली फिरवा.
दीड महिन्यात उतार पडला नाही तर दवाखाना गाठा,
तिथं सुई आहे, सुरी आहे,
माझ्याकडं नमदा.

नोव्हेंबर लागला.
उतरताना अजून ठणकतं, म्हणते,
चढताना विसरते.
परवा दुसऱ्या वळणावर न बसता पुढं निघाली
तर पोरगा धावत बाहेर आला,
मूठ उघडली. किनाऱ्यावरचा, पांढरा, गुळगुळीत.
"हा होता का?"

तिनं तो उजेडात धरला,
उलटसुलट करून पाहिला.
"नाही रे," म्हणाली, "तो मोठा होता."
आणि पिशवीत टाकला,
पत्रांच्या तळाशी.