आवळ्याची मोट

तोर्सहाव्नला डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
वीज-कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर रानवा एकटी,
पायात लोकरीचे मोजे, पुढ्यात निवलेली कॉफी.

प्रत्येक बेटाचा डेटाबेस वेगळा.
सान्दोयचा वारा सान्दोयच्या खात्यात,
सूदुरोयचा सूदुरोयच्या,
स्कूवोयला एकच वारामापक, तरी त्याचंही स्वतंत्र दप्तर.
सगळी दप्तरं दूर, डब्लिनच्या कुठल्याशा क्लाउडमध्ये.
आपल्याकडे ढगांची वाण होती का, हानुस म्हणायचा,
की भाड्याने घ्यावेत?

पण निवृत्त होण्याआधी मोट त्यानेच बांधली:
चार नावं, एक गट, ‘दक्षिण’.
बेटं म्हणजे आवळेच,
एक धरावं तर दुसरं घरंगळतं.
आता एकदाच विचारायचं, वारा किती?
चौघं मिळून सांगतात.

आज पाचवं आलं. धाकटं दीमुन,
जिथे फक्त मेंढ्या, आणि परवापासून एक वारामापक.
रानवाने कमांड लिहिली:
गट बदल. दक्षिण. दीमुन.
एंटर.
पडद्याने निमूट ऐकलं.

‘बदल’ म्हणजे ‘भर घाल’ नव्हे,
पाटी पुसून नव्याने लिहिणं.
हे तिला माहीत होतं.
बोटांना माहीत नव्हतं.

साडेचारला आलेख आडवा झाला.
लाल दिवा नाही, घंटा नाही.
दीमुनचं यंत्र अजून झोपलेलं, शून्य सांगत होतं,
आणि अख्खी दक्षिण त्या शून्यावर विसावली होती.

फोन. स्कूवोयहून मारियून, वय एक्याऐंशी:
“तुम्ही म्हणता वारा पडलाय.
माझी बादली उडून चर्चच्या भिंतीवर आपटली.
कोणाचं खरं मानू?”

“बादलीचं,” रानवा म्हणाली.

गट दाखव.
एकच नाव.
पोटात गोळा आला. मग एकेक दप्तर उघडून पाहिलं:
चारही जागेवर,
मिनिटामिनिटाचा वारा टिपत बसलेली.
गट मोडला म्हणून दप्तरं जळत नाहीत.
त्यांना एकत्र हाक मारणारं कोणी उरत नाही, इतकंच.

तिने पाची नावं लिहिली,
उत्तरेकडून दक्षिणेकडे, ओठ हलवत.
सेकंदाला सत्तावीस मीटर.

हानुसला सांगायचं नाही असं ठरवलं,
आणि फोन लावला.
तो हसला नाही.
म्हणाला, “माझ्याकडून दोनदा झालंय.
दुसऱ्यांदा तर नाताळच्या रात्री.”

पाचवं अजून शून्यच.
राहू दे.