परतीची वायर

नोव्हेंबरात ग्रिम्सबीला चार वाजताच दिवस आटोपतो.
गॅरेजच्या दारात मी उकिडवी,
समोर सत्त्याऐंशी सालची होंडा:
उजवीकडे वळते म्हटलं तर टेललाइट लुकलुकते,
ब्रेक दाबला तर इंडिकेटर मिणमिणतात.
विचारावं एकाला, उत्तर दुसऱ्यानंच द्यावं,
आमच्या वॉर्डातल्या राउंडसारखं.

दोन बल्ब बदलले.
नऊ पौंडांचा फ्लॅशर रिले बदलला.
फ्यूज काढून उजेडात धरला,
आतली तार शाबूत बघून
उगाच राग आला.

विल्फ ब्लँचर्ड कुंपणापलीकडून सगळं बघत होता.
गाडी मूळची त्याचीच.
गेल्या साली झटका आला, डावा हात गेला,
क्लच कोण दाबणार, म्हणून मला विकली,
हेल्मेटसकट, चहाचे डाग पडलेल्या मॅन्युअलसकट.
ट्रॉलरवर तीस वर्षं वायरिंग केलेला माणूस
उजव्या हातात टॉर्च घेऊन आला, म्हणाला,
"पोरी, जाणारी वायर सगळेच तपासतात.
करंटला परतही यायचं असतं.
आपलं दार अडकलं की तो शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतो,
आणि शेजारी दचकून दिवा लावतो."

म्हणजे अर्थ गेलाय.
इचलकरंजीत, बाबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात
हाच शब्द होता. "आधी अर्थ बघ रे."
मी सहा वर्षांची. मला वाटायचं,
यंत्राला कुणी निरर्थक बोललं
म्हणून ते चावतं.

मल्टिमीटर लावला.
जिथे शून्य हवं तिथे सात व्होल्ट.
सीट काढली, मडगार्डखाली हात घातला:
हिरवी वायर, तिच्या टोकाला रिंग, रिंगमध्ये बोल्ट,
आणि सगळ्यावर
खाऱ्या वाऱ्याचा, हिवाळ्यात रस्त्यावर फेकलेल्या मिठाचा
हिरवट थर,
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकावं तसा.

बोल्ट फिरेना. तेल सोडलं, थांबलो.
मग कुरकुरला, मग सुटला.
पॉलिशपेपरनं घासत राहिले
रिंग, फ्रेम, माझं एक नख.
विल्फ मधूनच म्हणे, "अजून."
बाबा "बास" म्हणायचे.

ग्रीस लावलं, आवळलं, किल्ली फिरवली.
विल्फ गल्लीत, गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.
आधी डावा लावला.
त्याच्या कार्डिगनवर नारिंगी उजेड आला, गेला,
आला, गेला.
डावा हात खिशातच.
बराच वेळ तो काही बोलेना,
मला वाटलं, पुन्हा बंद पडला.
"लागतोय का?"
"राहू दे," म्हणाला, "थोडा वेळ चालू राहू दे."
आणि मग,
"पन्नास पौंड कमीच घेतले मी तुझ्याकडून."

बॅटरी उतरेल
हे दोघांनाही माहीत होतं.