चिकटवलेलं पान

कंधारच्या वस्तानियात, सातवीच्या वर्गात
वरून हुकूम आला : पान एकशे बारा झाकावं.
विकारुद्दीन मास्तरांनी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली
आणि बावीस पुस्तकांत बावीस वेळा
जुन्या दफ्तरातला कोरा कागद डकवला.
बोटं धुतली. हजेरी घेतली.
राजाच्या उमरदराजीची दुआ सकाळीच म्हणून झाली होती.

झाकलं नसतं तर ते पान वाचणार कोण होतं?
आम्ही नव्वदच्या पुढं गेलोच नव्हतो.

दिगांबर गुंडाळेनं पान उन्हाला धरलं, पाठीकडून.
पाठीवर युरोपचा नकाशा.
देशांत नद्यांची, गावांची गिचमिड,
समुद्रात मात्र अक्षरं स्वच्छ तरंगत होती,
उलटी उर्दू,
डावीकडून उजवीकडं, आमच्या मराठीच्या चालीनं.

"काय दिसायलंय?"
"राजा आहे एक. म्हणायलाय,
मला देवानं नेमलंय, हिशेब त्यालाच देईन."
"मग?"
"मग किनारा लागला."

खालच्या समुद्रात
कुणी एक लिहिणारा विचारत होता :
नेमणुकीची सनद कुठंय?
लोकांची सही आहे का तिच्यावर?

आम्ही गप्प.
हैबतीच्या बापाला बांधावरच्या एका लिंबापायी
पटवाऱ्यानं तीनदा तहसिलीत उभं केलं होतं,
सनद दाखव, नाहीतर झाड सरकारी.
ती वरच्यालाही मागता येते
हे कुणी बोललंच नव्हतं.
हैबती हसायला लागला. थांबेचना.
तोंडात टोपी कोंबली त्यानं.

मास्तर दारात.
पुस्तक खाली घ्यायचं आम्हाला सुचलं नाही.
ते बघत राहिले नकाशाकडं, उन्हाकडं,
मग फळ्याकडं तोंड करून म्हणाले,
"ती दुसरी खिडकीही उघडा रे. कोंदट झालंय."

हिवाळ्यात पुस्तकांना कसर लागली.
खळ गोड लागते म्हणे तिला.
कागद कोपऱ्यातून सुटत गेला,
बावीसपैकी एकानंही पुस्तक झटकलं नाही.

सगळं पान उघडं पडलं तेव्हा
मजकूर तसा साधाच निघाला :
राजाचं नाव, सनावळी, महालातले आरसे,
काही लिहिणाऱ्यांना कैद झाल्याच्या दोन ओळी.
सनदेचं त्यात काहीच नव्हतं.

मग ते वाक्य कुणाचं?
दिगांबर अजून म्हणतो, हैबतीचं.
पण हैबती कुठं वाचत होता,
तो तर नुसता हसत होता.